सेंट्रोसोमवर सूक्ष्मनलिका उगवताना पाहायच्या कशा? नवख्यांसाठी थंडी-उबेच्या प्रयोगाची पूर्ण कृती

पेशी विभाजनाला लागली की तिच्यातल्या लांब पसरलेल्या सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्या) मोडतात आणि काही मिनिटांतच गुणसूत्रे ओढायला दोन ध्रुवांचा स्पिंडल, म्हणजे नलिकांचा सांगाडा, उभा राहतो. या नव्या नलिकांतल्या पुष्कळशा सेंट्रोसोम या पेशीतल्या छोट्या रचनेवर सुरू होतात. सुरू होतात म्हणजे नेमके कुठे, किती आणि कशाच्या जोरावर, हे तयार स्पिंडलकडे पाहून कळत नाही, कारण तिथे हजारो नलिका एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून आधी सगळ्या नलिका विरघळवायच्या, मग पेशीला ऊब द्यायची आणि पहिले कोंब कुठे फुटतात ते अर्ध्या-एका मिनिटाच्या अंतराने पेशी स्थिर करून पाहायचे. कागदावर हा प्रयोग सोपा दिसतो. बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी, बर्फ आणि फिक्सेटिव्ह (पेशी स्थिर करणारा द्रव) यांच्या मधल्या काही सेकंदांत. खालच्या कृतीतली बरीच खटपट त्या सेकंदांसाठीच आहे.

सेंट्रोसोमवर घडते काय

सूक्ष्मनलिकेची वीट म्हणजे अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनची जोडी. तिची लांबी ८ नॅनोमीटर. अशा जोड्यांच्या १३ उभ्या रांगा गोल जुळल्या की साधारण २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी होते. एक मायक्रोमीटर नळीला सुमारे १,६०० जोड्या लागतात. तयार टोकाला जोडी चिकटवणे सोपे असते, पण शून्यातून टोक तयार करणे अवघड, कारण पहिल्या काही जोड्या एकमेकींना धरून राहण्याआधीच सुटतात. परीक्षानळीत शुद्ध ट्यूब्युलिन आपोआप नळ्या करू लागते ते साधारण २० मायक्रोमोलरच्या आसपास. पेशीतले प्रमाणही याच पातळीचे किंवा त्याहून कमी असते. त्यामुळे नळी कुठे सुरू करायची हे पेशी स्वतःच्या ताब्यात ठेवू शकते.

हा ताबा गॅमा ट्यूब्युलिनकडे असतो. १९८९ मध्ये हे प्रथिन अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत सापडले. १९९५ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून त्याची रिंग वेगळी काढली गेली, तिला गॅमा-टर्क म्हणतात. तिच्यात गॅमा ट्यूब्युलिनचे १४ रेणू जीसीपी कुळातल्या प्रथिनांवर बसलेले असतात, आणि आकार मेकॅनिकच्या डब्यातल्या स्प्रिंग वॉशरसारखा असतो: एका जागी चिरलेला, टोके किंचित वरखाली. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने २०१९-२० मध्ये तिची रचना उलगडली. तेव्हा दिसले की मोकळी रिंग १३ रांगांच्या नळीच्या मापाला तंतोतंत बसत नाही, थोडी जास्त उघडी असते. म्हणजे रिंग असली की नळी सुरू झालीच, असे नाही. सीएच-टॉगसारखी मदतनीस प्रथिने ट्यूब्युलिन हाताशी आणून देतात तेव्हा काम वेग घेते.

सेंट्रोसोममध्ये दोन सेंट्रिओल असतात आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचे दाट आवरण, पीसीएम. रिंगा याच आवरणात अडकवलेल्या असतात. सेंट्रिओल स्वतः नळ्या सुरू करतो असा गैरसमज अजून पुष्कळ आढळतो. विभाजन जवळ आले की पीएलके१ हे किनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारे एन्झाइम, पीसीएममधल्या पेरिसेंट्रिन या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. सीईपी१९२ हे प्रथिन पीएलके१ आणि ऑरोरा-ए या दोन किनेजांना तिथे आणून ठेवते, आणि सीडीके५आरएपी२ व एनईडीडी१ रिंगांना धरून ठेवतात. पीसीएम फुगते. सेंट्रोसोमवरचे गॅमा ट्यूब्युलिन किमान तिप्पट होते. अंतरावस्थेतल्या (दोन विभाजनांमधल्या) पेशीपेक्षा विभाजनातल्या पेशीचा तारा, म्हणजे सेंट्रोसोममधून चहूकडे निघालेल्या नलिकांचा झुबका, कितीतरी दाट दिसतो तो यामुळे, म्हणून या दोन अवस्थांतल्या पेशी एकाच सरासरीत कधीही मिसळू नका.

पेशी कोणत्या घ्याव्यात

आरपीई-१ किंवा हेला, या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींच्या जाती. आरपीई-१ चपट्या असतात, सेंट्रोसोम मोजके दोन, चित्र स्वच्छ येते. हेला वाढवायला सोप्या, पण गोळ्यासारख्या उंच होतात आणि काचेवरून सुटतातही लवकर. पहिल्यांदा करताना आरपीई-१ बरी. यू२ओएसही चालेल. भारतात पेशी मागवायच्या तर पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मधल्या राष्ट्रीय संग्रहातून अनेक प्रकार मिळतात. पेशी आल्याबरोबर मायकोप्लाझ्माची (पेशींच्या वाढीत शिरणाऱ्या बारीक जिवाणूंची) चाचणी करा. डॅपी या डीएनएला धरणाऱ्या निळ्या रंगाने रंगवल्यावर केंद्रकाबाहेर बारीक निळे ठिपके दिसले तर त्या पेशींवर पुढचे काम करण्यात अर्थ नाही.

तयारी

एका स्थितीसाठी किमान सात कव्हरस्लिप लागतात: काहीही न केलेली, शून्य मिनिट, ३० सेकंद, १, २, ५ आणि १० मिनिटे. शिवाय फक्त सेकंडरी (चमकणारा रंग जोडलेली, दुसऱ्या पायरीची) अँटिबॉडी लावलेली एक, आणि फुटण्यासाठी एक. कव्हरस्लिप १२ मिलिमीटर व्यासाच्या गोल, जाडी नंबर १.५, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. नंबर १ च्या स्वस्त काचेवर १.४ अ‍ॅपर्चरच्या लेन्सची धार बोथट होते.

विभाजनातल्या पेशी गोल होऊन काचेला जेमतेम टेकलेल्या असतात, त्यामुळे पॉली-एल-लायसिनचा लेप टाळू नका. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, १५ मिनिटे, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन वाळवणे. २४ खान्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खान्यात साधारण ५०,००० पेशी टाका. दुसऱ्या दिवशी काचेचा ६० ते ७० टक्के भाग भरलेला हवा. त्याहून दाट झाल्या तर विभाजन मंदावते आणि आरपीई-१ पेशी विश्रांतीत जाऊन प्राथमिक सिलिया (पृष्ठभागावरचा केसासारखा धागा) काढतात.

सूक्ष्मनलिका मोडणाऱ्या नोकोडाझोल या औषधाचा साठा १० मिलिमोलर करा: ३ मिलिग्रॅम पावडर १ मिलिलिटर डीएमएसओमध्ये. छोटे वाटे करून उणे २० अंशांवर ठेवा. वापरताना हजारात एक, म्हणजे १० मायक्रोमोलर. अर्ध्या मिलिलिटरच्या खान्यात अर्धा मायक्रोलिटर थेट टाकायच्या फंदात पडू नका. तेवढे आकारमान पिपेटने नीट येत नाही, आणि डीएमएसओ जड असल्याने तळाशी जाऊन थेट पेशींवर बसतो. १० मिलिलिटर गरम मीडियममध्ये १० मायक्रोलिटर मिसळून तेच सगळीकडे घाला. हातमोजे हवेतच. हे औषध तुमच्या पेशींच्या स्पिंडललाही सोडत नाही.

इथे कोल्चिसीन का नको, हा प्रश्न येतोच. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी ज्या विषासाठी प्रसिद्ध आहे तेच हे कोल्चिसीन. तेही ट्यूब्युलिनलाच धरते, पण धरले की जवळपास सोडत नाही. आपल्याला औषध धुऊन काढायचे आहे, आणि नोकोडाझोल धुतले की सुटते.

मीडियमला २५ मिलिमोलर हेपेस (पीएच धरून ठेवणारा बफर) घाला. बायकार्बोनेटवर चालणारे साधे मीडियम इन्क्युबेटरबाहेर काढले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रंग गुलाबी-जांभळा होतो आणि पीएच चढतो. बर्फावरच्या अर्ध्या तासात हा फरक नगण्य राहत नाही.

विभाजनातल्या पेशींची संख्या वाढवणे

साध्या वाढीत शंभर पेशींमागे दोन-पाचच विभाजनात असतात. दहा मिनिटांच्या काचेवर तुम्हाला पन्नास हव्यात. त्यासाठी विभाजन सुरू करणारे सीडीके१ हे किनेज रोखणारे आरओ-३३०६ वापरा: ९ मायक्रोमोलर, १६ ते १८ तास. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबतात. २० तासांच्या पुढे नेऊ नका, पेशी आजारी दिसू लागतात आणि सुटल्यावर एकसाथ विभाजनात जात नाहीत.

सोडताना ३७ अंशांच्या मीडियमने तीनदा, झटपट धुवा. थंड मीडियम वापरले की सगळ्यांचे घड्याळ मागे पडते. साधारण ३० मिनिटांत केंद्रक-आवरण फुटलेल्या गोल पेशी फेज सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. याच वेळी नोकोडाझोल घालायचे.

रात्रभर नोकोडाझोलमध्येच पेशी अडवून ठेवण्याची सोपी वाटही अनेक जण घेतात, सुमारे १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरने. संख्या भरपूर मिळते, पण इतका वेळ अडकलेल्या पेशीचे पीसीएम आणि किनेटोकोर (गुणसूत्रावर नलिका जिथे जोडतात ती जागा) नेहमीसारखे राहत नाहीत. सेंट्रोसोमबद्दलच काही म्हणायचे असेल तर ही वाट नको.

मुख्य कृती

१. आरओ-३३०६ धुतल्यानंतर ३० मिनिटांनी १० मायक्रोमोलर नोकोडाझोलचे गरम मीडियम घाला. ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवा. न हाताळलेल्या काचेला तेवढाच डीएमएसओ द्या, ०.१ टक्का.

२. प्लेट बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवा. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांवर ठेवली तर मध्ये हवा राहते आणि कोपऱ्यातले खाने कोमट राहतात. पाण्याची पातळी खान्यातल्या मीडियमइतकी हवी. मीडियम काढून बर्फाइतके थंड, नोकोडाझोलचेच मीडियम घाला. ३० मिनिटे.

फक्त थंडीने का भागत नाही? किनेटोकोरला जोडलेल्या जुड्या थंडीला दाद देत नाहीत. दहा मिनिटे बर्फावर ठेवलेल्या पेशीत इतर नलिका जातात आणि नेमक्या याच उरतात. किनेटोकोरची जोडणी तपासायला लोक मुद्दाम हाच गुण वापरतात. इथे त्या उरल्या तर शून्य मिनिट शून्य राहत नाही. औषध आणि थंडी दोन्ही मिळून त्या जातात. (अंटार्क्टिकच्या समुद्रातल्या माशांच्या नलिका शून्याखालीही जुळतात. आपल्या पेशी तशा नाहीत, एवढ्यावरच हा प्रयोग उभा आहे.)

३. बर्फावरच, थंड मीडियमने चार-पाच वेळा धुवा. प्रत्येक वेळी खान्याच्या भिंतीवरून हळू ओता आणि थोडे द्रव मागे राहू द्या. व्हॅक्यूमने कोरडे ओढले की विभाजनातल्या पेशी सगळ्यात आधी जातात, आणि काचेवर उरतात त्या अंतरावस्थेतल्या. शेवटच्या धुण्यानंतर कव्हरस्लिप नव्या, थंड प्लेटमध्ये हलवा. जुन्या प्लास्टिकला चिकटलेले नोकोडाझोल पुन्हा मीडियममध्ये उतरते.

४. शून्य मिनिटाची काच बर्फावरून थेट उणे २० अंशांच्या मिथेनॉलमध्ये. मध्ये टेबल नाही, टिश्यू नाही, फोन नाही.

५. उरलेल्या काचा एकेक करून ऊब देण्याच्या भांड्यात. १० सेंटिमीटरच्या पेट्री डिशमध्ये १५ मिलिलिटर मीडियम, डिश ३७ अंशांच्या धातूच्या ठोकळ्यावर. थर्मामीटरचे टोक मीडियममध्ये बुडवून तापमान पाहा, ठोकळ्याच्या आकड्यावर जाऊ नका. चिमट्याने काच उचला, कड टिश्यूला क्षणभर लावून थंड थेंब काढा, पेशींची बाजू वर ठेवून बुडवा आणि घड्याळ सुरू करा. पातळ काच भरपूर गरम मीडियममध्ये पटकन तापते. उलट, थंड प्लेटमध्ये अर्धा मिलिलिटर गरम मीडियम ओतले तर तापमान मध्येच कुठेतरी अडकते आणि खान्याखान्यांत वेगळे असते.

आधी १० मिनिटांची काच घाला, मग ५ ची, मग २ ची, अशी उतरती रांग लावली तर सगळ्या काचा थोड्याफार एकाच वेळी मिथेनॉलला पोचतात आणि बर्फावरचा काळ फार वेगळा राहत नाही. ३० सेकंदांची काच एकट्यानेच करा, दोन कामे हातात घेऊ नका.

३७ अंशांवर सगळे फार वेगाने होते. पहिल्या मिनिटातला फरक पकडायचा असेल तर मीडियम २५ अंशांवर ठेवा. तारे हळू वाढतात आणि हाताचा पाच सेकंदांचा उशीर एवढा महाग पडत नाही. मग सगळे वेळबिंदू दुप्पट-तिप्पट ताणा आणि दोन तापमानांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका.

६. मिथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर ७ मिनिटे. मग पीबीएस या मिठाच्या बफरने तीनदा, पाच-पाच मिनिटे. मिथेनॉलमधून काढलेली काच हवेत वाळू देऊ नका.

मिथेनॉल का, पॅराफॉर्मल्डिहाइड (पीएफए) का नाही? पीएफएला नलिका जागच्या जागी पकडायला काही मिनिटे लागतात. खोलीच्या तापमानाचे पीएफए शून्य मिनिटाच्या काचेवर ओतले की तो द्रव आधी पेशीला ऊब देतो आणि नंतर स्थिर करतो, तोवर लहान तारे उगवूनही जातात. मे महिन्यात एसी नसलेल्या प्रयोगशाळेत खोलीचे तापमान ३५ अंश असते, म्हणजे तुम्ही प्रयोगच केला, फक्त त्याला शून्य मिनिट असे नाव दिले. थंड मिथेनॉल क्षणात काम करते, शिवाय पीसीएममधल्या दाट प्रथिनांपर्यंत अँटिबॉडीला वाटही करून देते. पेशी थोडी चपटी होते, जीएफपी या हिरव्या चमकत्या प्रथिनाची चमक उतरते आणि अ‍ॅक्टिन रंगवणाऱ्या फॅलॉइडिनचा रंग लागत नाही, एवढी किंमत मोजावी लागते.

जीएफपी हवीच असेल तर फेम बफर करा. ५०० मिलिलिटरसाठी पाइप्स ९.०७ ग्रॅम, हेपेस २.९८ ग्रॅम, ईजीटीए १.९० ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ०.२० ग्रॅम, पीएच ६.९. पाइप्स आम्लात विरघळतच नाही. पांढरा गाळ पाहून नवखे लोक बाटली ओतून देतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत राहा, पीएच सहाच्या वर सरकला की पाणी स्वच्छ होते. ईजीटीए कॅल्शियम बांधून ठेवते, कारण कॅल्शियम नलिका मोडते. या बफरमध्ये ४ टक्के पीएफए आणि सोबत ०.१ टक्का ग्लुटराल्डिहाइड घ्या. ग्लुटराल्डिहाइडची स्वतःची चमक मारायला नंतर १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर सोडियम बोरोहायड्राइड, १० मिनिटे. ते ताजेच करायचे, त्यातून वायूचे बुडबुडे निघतात, झाकण घट्ट लावायचे नाही.

रंगवणे

पीबीएसमध्ये ३ टक्के बीएसए आणि ०.१ टक्का ट्वीन-२०, अर्धा तास. मग पॅराफिल्मवर ३० मायक्रोलिटरचा थेंब आणि त्यावर काच उलटी. ओल्या कापडाच्या बंद डब्यात एक तास. उचलताना काचेखाली आधी पीबीएस सोडा, ती आपोआप तरंगते. कोरडी ओढली तर पेशी पॅराफिल्मवरच राहतात.

अँटिबॉडीच्या निवडीत एक ठरलेली चूक होते. अल्फा ट्यूब्युलिनसाठी सगळ्यात प्रचलित डीएम१ए आणि गॅमा ट्यूब्युलिनसाठी सगळ्यात प्रचलित जीटीयू-८८. दोन्ही उंदराच्या, दोन्ही आयजीजी१. एकत्र लावल्या की सेकंडरीला दोघींत फरक कळत नाही आणि दोन्ही रंगांत एकच चित्र येते. नलिकांना डीएम१ए ठेवा (हजारात एक) आणि सेंट्रोसोमला सशाची गॅमा ट्यूब्युलिन किंवा पेरिसेंट्रिन अँटिबॉडी घ्या. नलिकांसाठी रॅटची वायएल१/२ घेतली तर सेकंडरी क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब्ड आहे ना हे बाटलीवर वाचा. उंदराविरुद्धची साधी सेकंडरी रॅटलाही धरते.

सेकंडरी पाचशेत एक, अंधारात ४५ मिनिटे. डॅपी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, पाच मिनिटे. अँटिफेडच्या ५ मायक्रोलिटर थेंबावर काच बसवा, जास्तीचे टिपून घ्या.

चित्र घेणे आणि मोजणे

६० किंवा १०० पटीची तेलाची लेन्स, अ‍ॅपर्चर १.४. विभाजनातली पेशी उंच असते आणि दोन सेंट्रोसोम क्वचितच एका पातळीत असतात, म्हणून ०.३ मायक्रोमीटरच्या पायऱ्यांनी पूर्ण उंचीचे थर घ्या. नुसता एक थर घेऊन 'या पेशीत एकच तारा आहे' असे लिहिलेले अहवाल थोडेथोडके नाहीत.

एक्सपोजर नियंत्रण गटाच्या १० मिनिटांच्या काचेवर ठरवा, सगळ्यात तेजस्वी बिंदू कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेच्या तीन-चतुर्थांशाखाली राहील असे, आणि नंतर एकाही काचेसाठी बदलू नका. न हाताळलेल्या पेशीचा स्पिंडल या एक्सपोजरला जळेल, त्याचे चित्र वेगळे घ्या आणि मोजमापात धरू नका.

फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. थरांची बेरीज करून घ्या. कमाल-प्रक्षेप (दर बिंदूला सगळ्यात तेजस्वी थर ठेवणारे चित्र) डोळ्यांना छान दिसतो, मोजायला नाही. गॅमा ट्यूब्युलिनच्या ठिपक्यावर मध्य धरून २ मायक्रोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्यातली ट्यूब्युलिनची एकूण चमक घ्या. त्याच पेशीच्या मोकळ्या भागात तेवढेच वर्तुळ ठेवून ती वजा करा. गॅमा ट्यूब्युलिनची चमक ०.५ ते १ मायक्रोमीटरच्या वर्तुळात वेगळी मोजा. दर वेळबिंदूला ३० ते ५० पेशी, आणि सगळा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा. संख्याशास्त्रात नमुन्याची संख्या तीन असते, दीडशे नाही. फाइलींची नावे दुसऱ्या कोणाकडून बदलून घेतली तर अधिक चांगले: कोणती काच कोणती हे माहीत असले की वर्तुळ नकळत मोठ्या ताऱ्याकडे सरकते.

काय दिसायला हवे

शून्य मिनिटाला ट्यूब्युलिनचे धूसर पसरलेले धुके आणि त्यात सेंट्रिओलचे दोन ठिपके. सेंट्रिओलच्या नलिका या थंडीला मोडत नाहीत, त्यामुळे ठिपका दिसला म्हणून प्रयोग फसला असे समजू नका. ठिपक्यातून काटे निघालेले दिसले तर मात्र फसला. एका मिनिटाला दोन्ही सेंट्रोसोमवर छोटे, दाट तारे. दोन मिनिटांपर्यंत गुणसूत्रांच्या आसपासही बारीक झुपके दिसतात, विशेषतः नोकोडाझोल धुतल्यावर. ती घाण नाही. गुणसूत्रांभोवतीच्या रॅन-जीटीपीमुळे टीपीएक्स२सारखे घटक मोकळे होतात आणि सेंट्रोसोमशिवायही नलिका सुरू होतात. पाच मिनिटांत तारे हे झुपके ओढून घेऊ लागतात आणि दहा मिनिटांपर्यंत ओबडधोबड पण दोन ध्रुवांचा स्पिंडल ओळखू येतो. नलिकांच्या अंगावरही गॅमा ट्यूब्युलिनचा फिका रंग दिसेल: ऑग्मिन हे संकुल रिंगांना तिथे नेऊन जुन्या नलिकेच्या बाजूला नवी फांदी फोडते.

शेजारी अंतरावस्थेतल्या आरपीई-१ पेशी असतील तर त्यांच्यात सेंट्रोसोमबरोबर गॉल्जीमधूनही नलिका निघताना दिसतात. तो वेगळा विषय, पण मोजताना त्या विभाजनातल्या समजून धरल्या जाऊ नयेत म्हणून डॅपी पाहून गुणसूत्रे आखडलेली आहेत याची खात्री करा. शंका असेल तिथे हिस्टोन एच३च्या सेरीन-१० वरील फॉस्फेटची अँटिबॉडी लावा.

प्रयोग चालतो आहे हे दाखवायला एक सकारात्मक नियंत्रण ठेवाच. पीएलके१ रोखणारे बीआय २५३६ हे १०० नॅनोमोलर, बर्फाच्या आधी तासभर. गॅमा ट्यूब्युलिनचा ठिपका लहान व्हायला हवा आणि ताराही. झाला नाही तर तुम्ही तपासत असलेल्या प्रथिनाबद्दल त्या दिवशीच्या काचा काहीही सांगू शकणार नाहीत.

बिघाड आणि त्यांची कारणे

शून्य मिनिटालाच तारे: बहुधा काच बर्फ आणि मिथेनॉलच्या मध्ये रेंगाळली, किंवा मिथेनॉल फ्रीझरमधून काढून टेबलावर ठेवलेले होते. ते शेवटपर्यंत फ्रीझरमध्ये किंवा कोरड्या बर्फावर ठेवा.

दहा मिनिटांनंतरही काही नाही: नोकोडाझोल पूर्ण धुतले गेले नाही. धुण्याची संख्या वाढवा, प्लेट बदला. तरीही नाही तर मीडियमचे तापमान खरेच ३७ आहे का ते पाहा.

धुके इतके की तारे दिसत नाहीत: मोकळे ट्यूब्युलिन भरपूर आहे. सुरुवातीच्या वेळबिंदूंना थोडे धुके असणारच. फेम बफरमध्ये ०.२ टक्के ट्रायटॉन घालून ३० सेकंद आधी धुतल्याने ते निघते, पण हे ३० सेकंद घड्याळात मोजा, आणि शून्य मिनिटाला हा बफर बर्फाइतका थंड हवा.

एका पेशीत चार-पाच सेंट्रोसोम: कर्करोगाच्या पेशींत हे होते, यू२ओएसमध्येही अधूनमधून दिसते. आधीच नियम ठरवा, फक्त दोनच गॅमा ठिपके असलेल्या पेशी मोजायच्या, आणि नियम नंतर बदलू नका.

तारा लहान दिसला म्हणजे काय सिद्ध झाले

फारच थोडे. दोन मिनिटांनंतरच्या ताऱ्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: किती नलिका सुरू झाल्या, सुरू झालेल्या किती वेगाने वाढल्या आणि त्यांतल्या किती सेंट्रोसोमला धरून राहिल्या. सीएच-टॉग कमी केले तर वाढ मंदावते आणि तारा लहान दिसतो. नलिका सुटून गेल्या तरी तारा लहानच. म्हणून 'सुरुवात कमी झाली' असे लिहिण्याआधी ३० सेकंद आणि एका मिनिटाचे आकडे वेगळे पाहा, कारण तेव्हा लांबीचा वाटा सगळ्यात कमी असतो. गॅमा ट्यूब्युलिनचा ठिपका तेवढाच असून तारा लहान असेल तर दोष रिंगा आणण्यात नाही, पुढच्या कुठल्यातरी टप्प्यात आहे. एकूण ट्यूब्युलिनच कमी झाले नाही ना, हे वेस्टर्न ब्लॉटवर पाहून घ्या.

सुरुवातीचा दर थेट मोजायचा तर ईबी३ला जीएफपी जोडलेल्या जिवंत पेशी लागतात. वाढत्या टोकावर ईबी३ धूमकेतूसारखे चमकते. ३७ अंशांवर, नोकोडाझोल किंवा बर्फ न वापरता, सेंट्रोसोमच्या पातळीवर दर सेकंदाला एक चित्र, एक मिनिटभर घ्या. सेंट्रोसोमभोवती १.५ मायक्रोमीटर त्रिज्येची रेघ आखून ती ओलांडून बाहेर पडणारे धूमकेतू मोजा. हाच तुमचा प्रति मिनिट दर. त्याच चित्रफितीतून वेगही निघतो, अंतरावस्थेतल्या पेशीत तो साधारण १० ते २० मायक्रोमीटर प्रति मिनिट असतो, म्हणजे सुरुवात आणि वाढ हे दोन आकडे वेगळे हाती येतात. मध्यावस्थेतल्या दाट स्पिंडलच्या बाजूला धूमकेतू एकमेकांवर चढतात, तिथे मोजणी भरवशाची नसते. पेशीच्या कडेकडे जाणाऱ्या बाजूचा अर्धा भागच मोजा. ईबी३ फार जास्त बनवणाऱ्या पेशी टाळा, त्यांच्यात धूमकेतूंऐवजी पूर्ण नलिकाच उजळतात.